उन्हाने वाकलेले प्लॅस्टिक आणि जुनी स्पोर्ट्स गाडी : कारागीर बंधूंसाठी काही अनुभवाचे बोल

वर्धा जिल्ह्यातील गॅरेजवाल्या बंधूंना मे महिन्याची ओळख करून देण्याची गरज नाही. वर्धा असो, हिंगणघाट असो की पुलगाव, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. उभ्या दिसतात त्या फक्त गाड्या. काचा बंद, सावली नाही, आणि आत डॅशबोर्ड तव्यासारखा तापलेला. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच उन्हात गाड्या उभ्या करून मोजमाप केले व ते २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. बाहेर ३८ अंशांहून अधिक तापमान असताना तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापला. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड मात्र ४८ अंशांवर थांबला. आपल्याकडे बाहेरचेच तापमान त्याहून सहा-सात अंश जास्त असते. तेव्हा आतल्या प्लॅस्टिकवर काय गुदरत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

काही वाचक बंधूंनी आमच्याकडे विचारणा केली आहे की, जुन्या गाडीतील वाकलेली, पीळ पडलेली प्लॅस्टिकची पट्टी, खांबावरचे आवरण, हवेच्या जाळीची चौकट, दरवाजाचे पॅड यांचे काय करावे? गाडी साधी असेल तर उत्तर सोपे आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, तरी तिचे सुटे भाग नागपूरच्या जुन्या मालाच्या बाजारात अजून मिळून जातात. अडचण येते ती जुन्या स्पोर्ट्स गाडीची. तिची पुढची काच उतरती असते, म्हणून ऊन थेट डॅशबोर्डवर पडते. गाडी कमी वापरली जाते, म्हणून महिनोन् महिने एकाच जागी उभी राहते. आणि मुळात अशा गाड्या थोड्याच निघालेल्या असतात, त्यामुळे सुटा भाग मिळत नाही.

आपल्या देशात तर स्पोर्ट्स गाडी हा प्रकारच दुर्मीळ. सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनी गाडी आणली. फायबरचे कवच आणि रेनोचे साडेअकराशे सीसीच्या आसपासचे इंजिन. ती आता बनत नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा परदेशातून आणलेली जुनी जपानी वा युरोपीय दोन आसनी गाडी आहे, त्यांना आतली एक पट्टी हवी असेल तर कोणत्या दुकानात जावे? अशा गिऱ्हाइकाला आपले कारागीर बहुधा सांगतात, "नवीन आणा, बसवून देतो." नवीन मिळत असते तर तो आपल्या दारी आलाच नसता. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार रुपये झाली. ती भरूनही जो गाडी सांभाळतो, तो दुरुस्तीचे दाम देण्यास कुरकुर करीत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्याला फक्त एवढी खात्री हवी असते की तुकडा आहे त्याहून वाईट होऊन परत येणार नाही.

आणि नेमकी तेथेच आमची एकदा चूक झाली. ती येथे सांगतो, म्हणजे ती दुसऱ्याने करू नये.

एका लाल दोन आसनी जपानी गाडीची पुढच्या काचेखालची, गरम हवेच्या झरोक्याची लांब पट्टी मधोमध बोटभर वर आली होती. आमच्याकडे हीटगन होती आणि हातात घाई होती. पट्टी टेबलावर ठेवली, वरून हीटगन धरली, मऊ झाली तशी हाताने दाबली. सरळ झाली! आम्ही खूश. थंड झाल्यावर पाहतो तो जेथे ताव लागला तेथील दाणा, म्हणजे पृष्ठभागावरची बारीक खरबरीत नक्षी, वितळून तेथे चकचकीत डाग पडला होता. दोन्ही टोके मात्र उलट्या बाजूला वळली होती. मालक काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. दुसरी पट्टी मिळण्यास आठ महिने गेले आणि आम्ही मजुरी परत केली. त्यानंतर भंगारातून मारुतीच्या पट्ट्या आणून आम्ही सहा महिने फक्त त्यांच्यावर हात बसविला. पुढे जे लिहीत आहोत ते त्या सहा महिन्यांत शिकलेले आहे.

तुकडा वाकतो कशाने?

पुष्कळांचा समज असा की प्लॅस्टिक उन्हाने वितळून वाकते. तसे नाही. गाडीत सर्रास वापरले जाणारे एबीएस जातीचे प्लॅस्टिक मऊ पडते ते सुमारे १०० ते १०५ अंशांच्या आसपास. गाडीत एवढी उष्णता सहसा होत नाही. पण किराणा दुकानातील फळी पाहा. ती एका दिवसात मोडत नाही, डब्यांच्या ओझ्याने वर्षानुवर्षे हळूहळू पोक धरते. प्लॅस्टिकचेही तसेच, आणि उष्णतेने हे पोक धरणे कितीतरी पटीने लवकर होते. त्यात साच्यात ओतताना तुकड्यात जो ताण अडकून राहिलेला असतो, तोही दरवर्षीच्या उन्हाने थोडा थोडा सुटतो.

म्हणजे कोठेतरी आधार सुटलेला असतो किंवा कोठेतरी ओढ असते. वाकलेला तुकडा हाती आला की प्रथम तो जेथून काढला ती जागा पाहावी. दहापैकी आठ वेळा क्लिप तुटलेली असते, स्क्रू हरवलेला असतो किंवा वायरिंगवाल्याने तारांचा गठ्ठा मागे कोंबलेला असतो. मागच्या काचेखालच्या फळीवर जड स्पीकर बसविले असतील तर ती खचणारच. हे कारण न काढता तुकडा सरळ करणे म्हणजे पुढच्या मे महिन्यात तेच काम फुकटात पुन्हा करणे होय.

आधी जात ओळखा

प्लॅस्टिक म्हणून एकच वस्तू नाही. तुकडा उलटा करून पाठीमागे पाहा. साधारण १९९० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत पाठीवर कोनी कंसात इंग्रजी अक्षरे उठविलेली असतात : एबीएस, पीपी, पीव्हीसी वगैरे. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. 'पीपी अधिक टी २०' असे असेल तर त्यात शेकडा २० टाल्कची भुकटी मिसळलेली आहे असे समजावे. जुन्या गाड्यांत ही खूण बहुधा नसते. मग परीक्षा घ्यावी लागते.

पाठीमागच्या, कधीही न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाच्या बोळ्याने अ‍ॅसिटोनचा एक थेंब लावा. चिकट होऊन बोळ्याला रंग लागला तर ते एबीएस. काहीच झाले नाही तर पीपी असण्याचा संभव अधिक. चाकूने एक कपची काढून पाण्यात टाका. साधे पीपी तरंगते, एबीएस बुडते. मात्र टाल्कमिश्रित पीपीही बुडते, म्हणून एकट्या पाण्याच्या परीक्षेवर विसंबू नये. दोन्ही परीक्षा कराव्यात. कपची जाळून वास घेण्याची काही मिस्त्रींना सवय आहे. पीपीला मेणबत्तीसारखा वास येतो हे खरे, पण पीव्हीसी जळाले तर त्यातून निघणारी वाफ आम्लाची असते व छातीला लागते. ही सवय सोडावी हे उत्तम.

हा खटाटोप कशासाठी? कारण एबीएस उकळत्या पाण्याजवळच्या उष्णतेत सांगितले तसे वळते आणि वळलेले राहते. पीपी मात्र वाकते आणि सोडले की अर्धे परत जाते. चिकटविण्यातही असाच फरक आहे. एबीएसला इपॉक्सी धरते, पीपीला ती नखाने सोलून निघते.

पाण्याची रीत

आमच्या अनुभवात सर्वांत निर्धोक साधन पाणी हेच आहे. हीटगनच्या तोंडाशी पाचशे-सहाशे अंशांपर्यंत ताव जाऊ शकतो. पाणी शंभराच्या वर जातच नाही. वर्ध्याच्या उंचीवर ते ९९ च्या आसपास उकळते. म्हणजे कारागिराचे लक्ष क्षणभर चुकले तरी दाणा जळत नाही. शिवाय उष्णता चहूबाजूंनी सारखी लागते, त्यामुळे एकीकडे सरळ आणि दुसरीकडे वाकडे असे होत नाही.

भांडे म्हणून दोनशे लिटरचे पिंप उभे चिरून त्याचा अर्धा भाग घ्यावा. सुमारे पाऊण मीटरपर्यंतची पट्टी त्यात आडवी मावते. मात्र पिंप पाण्याचे किंवा खाद्यतेलाचे, स्वच्छ धुतलेले असावे. थिनर, डिझेल किंवा पेट्रोलचे रिकामे पिंप गॅसने किंवा ग्राइंडरने कापू नये. आत उरलेल्या वाफेने ते बॉम्बसारखे फुटते, आणि अशा अपघातात माणसे गेलेली आहेत. भांडे तापविण्याची भट्टी आणि अ‍ॅसिटोन-थिनरची बाटली या दोन गोष्टी एका खोलीत कधीही नसाव्यात.

आता साचा. पुष्कळ जण तुकडा गरम करून मग हाताने वळवतात. तो उलटा क्रम आहे. गरम तुकडा हातात दहा-पंधरा सेकंदच मऊ राहतो आणि त्या घाईतच बिघडतो. त्याऐवजी थंड असतानाच तो साच्यावर बसवावा. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हव्या त्या आकाराला वळवून घ्यावी. प्लायवूड पाण्यात फुगते म्हणून येथे चालत नाही. तुकड्याची मूळ स्क्रूची भोके वापरून तो त्या पट्टीवर सैलसर कसावा, जेथे भोके नाहीत तेथे सुती कापडाची घडी घालून सी-क्लॅम्प लावावा. थंड तुकड्यावर फार जोर देऊ नये, तडा जाईल. मग साच्यासकट पाण्यात सोडावा. पाणी ९० अंशांवर नेऊन तीन मिलिमीटर जाडीच्या एबीएसला आम्ही आठ-दहा मिनिटे देतो. मधे एकदा उचलून स्क्रू आणि क्लॅम्प अर्धा फेरा कसतो व पुन्हा सोडतो. दोन-तीन वेळा असे केले की तुकडा साच्याला येऊन टेकतो.

तापमान पाहण्यासाठी पिस्तुलासारखे यंत्र मिळते, ते जरूर घ्यावे. कोरोनाच्या काळात कपाळावर रोखत होते ते नव्हे. ते मुख्यतः अंगाचा ताप मोजण्यासाठी असते.

साचा कोणत्या आकाराचा करावा, हा खरा प्रश्न आहे, कारण मूळ आकार आता कोणालाच ठाऊक नसतो. डाव्या दरवाजाची पट्टी वाकली असेल आणि उजवी ठीक असेल तर उजवीचा कागदावर खाका काढून कागद उलटा करावा. दोन्ही वाकल्या असतील तर गाडीच्या अंगालाच विचारावे : मागचा पत्रा, काचेची कड, स्क्रूच्या भोकांची रांग. फायबरच्या कवचाच्या गाडीत डावे-उजवे तंतोतंत जुळेलच असे धरून चालू नये. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजाव्यात. आणि साच्याला हव्या त्या आकाराहून किंचित अधिक बाक द्यावा, कारण तुकडा थोडा परत येतोच. एबीएसला हा जादा बाक थोडा लागतो, पीपीला बराच. नेमका किती, हे भंगारातल्या तुकड्यावरच शिकावे लागते. गिऱ्हाइकाचा तुकडा म्हणजे अमानत आहे, शिकण्याची पाटी नव्हे.

पाण्यातून काढल्यावर साच्यासकट सावलीत रात्रभर तसाच राहू द्यावा. वर गार पाणी ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा, झटक्याने थंड केले की आत पुन्हा ताण अडकतो आणि पुढच्या उन्हात तो बाहेर पडतो. आपल्याकडील बोअरचे पाणी जड असते, सुकले की पांढरे डाग ठेवते, म्हणून बाहेर काढताच कोरड्या कापडाने टिपून घ्यावे.

पीपीचे तुकडे पाण्याने पूर्णपणे वठत नाहीत. तेथे हीटगन लागते, पण ती नेहमी पाठीच्या बाजूने, कमी तावावर, वीतभर अंतरावरून आणि सतत फिरती. तुकडा साच्यात कसलेला असावा आणि नक्षीच्या बाजूला ओले कापड असावे. एका जागी हात थांबला की काम बिघडले.

ज्याला पाणी चालत नाही

दरवाजाचे पॅड पुष्कळ जुन्या गाड्यांत प्लॅस्टिकचे नसतेच. वर रेक्झिन, मधे फोम आणि पाठीला पुठ्ठ्यासारखा दाबलेल्या लाकडी भुशाचा हार्डबोर्ड. हा उन्हाने नव्हे, पावसाने फुगतो. दरवाजाच्या आत कारखान्यातून एक पॉलिथिनचा पडदा चिकटवलेला येतो. काचेवरून आत उतरलेले पाणी त्या पडद्यामुळे दरवाजाच्या तळाच्या भोकांतून बाहेर जाते. काच चढवण्याचे यंत्र दुरुस्त करणारा हा पडदा फाडून फेकतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात हार्डबोर्ड भिजून पापडासारखा होतो. बोर्ड फक्त वाकला असेल तर पाठीवर किंचित ओलावा देऊन, सपाट फळीवर वजनाखाली आठवडाभर सुकवून तो सरळ होतो. थर सुटले असतील तर नवीन बोर्ड कापावा. पडदा मात्र दोन्ही वेळा नवा लावावा. जाड पॉलिथिन काही रुपयांत मिळते.

फोम आणि रेक्झिनचे कातडे असलेला डॅशबोर्डही पाण्यात घालता येत नाही. त्यातील कातडे मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य उन्हाने वर्षानुवर्षे उडून जाते (नव्या गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट थर बसतो त्यात हेही असते), मग कातडे आकसते, कडा वर ओढल्या जातात आणि शेवटी चिरते. आकसलेले कातडे ताणून पूर्ववत होत नाही, कोणी तसे सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. ते उतरवून नवे चढवावे लागते, आणि हे काम आपल्या कुशनवाल्या बंधूंचे आहे. त्यांनी एवढेच पाहावे की नेहमीचे रबर सोल्यूशन वर्ध्याच्या उन्हात सुटते. उष्णता सोसणारे म्हणून वेगळे मिळते तेच वापरावे. जगात ही तक्रार फक्त आपलीच आहे असे नाही. उष्ण-दमट हवेत डॅशबोर्ड चिकट होतात, चिरतात म्हणून टोयोटाने २०१४ मध्ये अमेरिकेत आपल्या काही गाड्यांचे डॅशबोर्ड बदलून देण्याची योजना काढली होती.

एक गोष्ट ठळकपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्या गाडीत एअरबॅग आहे, तिच्या स्टिअरिंगचे मधले झाकण, डावीकडची डॅशबोर्डची झडप आणि एअरबॅगची खूण असलेली कोणतीही पट्टी तापवू नये, कापू नये, मागून भरू नये, तिच्यावर नवे कातडेही चढवू नये. ती झडप ठरलेल्या रेषेवरच फाटावी अशी बनविलेली असते. पाठीला भरलेली राळ अपघाताच्या वेळी तुकड्या-तुकड्यांनी बसणाऱ्याच्या तोंडावर येईल. असे काम आले तर सरळ नाही म्हणावे.

पाठीचा आधार

सरळ झालेला तुकडा पुन्हा वाकू नये म्हणून पाठीला आधार देतात. येथे आमचे फायबरवाले बंधू घरातली पॉलिएस्टर राळ वापरतात. ती सुकताना आकसते आणि पातळ पट्टीला स्वतःच ओढून वाकवते. केलेली मेहनत तीच राळ वाया घालवते! एबीएसच्या पाठीला काचेच्या जाळीवर इपॉक्सी द्यावी, तीही एकदम जाड थर न देता दोन पातळ थरांत. तडा असेल तर त्याच जातीच्या एबीएसचे कपचे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी पाठीकडून भरावी, उघड्या हवेत, विडी-काडी दूर ठेवून. पीपीला मात्र तिचीच सळई वितळवून जोड किंवा तापवलेल्या तारेचा टाका, दुसरे काही धरत नाही. वर रंग द्यायचा असेल तर पीपीवर आधी तिचा खास प्रायमर लागतो. आणि त्याआधी तुकडा साबणाने दोन-तीनदा धुवावा, कारण वर्षानुवर्षे मारलेल्या चमक आणणाऱ्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असते आणि त्यावर रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

व्यवहार

या कामाची मजुरी नगावर ठरवू नये, दिवसांवर ठरवावी. एक दिवस काढणे आणि परीक्षा, एक दिवस साचा, एक रात्र थंड होणे, एक दिवस आधार आणि बसवणी. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले की तो "दोन तासांचे काम" म्हणून घासाघीस करीत नाही. तुकडा ताब्यात घेताना त्याच्यासमोर फोटो काढावेत आणि आधीपासून असलेले तडे, डाग पावतीवर लिहावेत. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, काढतानाच क्लिपचा कान तुटू शकतो. तुटला तर काय, हे काम घेतानाच बोलून घ्यावे. आम्ही लाल गाडीच्या वेळी यातले काहीच केले नव्हते.

बसवून झाल्यावर लगेच हिशेब पुरा करू नये. गाडी आठ दिवस मालकाकडे नेहमीच्या उन्हात उभी राहू द्यावी आणि मग पुन्हा बोलावून काचेच्या कडेची फट बोटाने तपासावी. पहिल्या आठ दिवसांत हलली नाही ती पट्टी सहसा पुढेही हलत नाही. हलली असेल तर बहुधा एखादी क्लिप नीट बसलेली नसते. ती बसवून द्यावी आणि राहिलेले पैसे तेव्हाच घ्यावेत.